गिळलेले शल्य : कंठापासून गुदापर्यंतचा मार्ग आणि आपले कर्तव्य

नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या की रायगडच्या किनाऱ्यावरील वैद्यांच्या दवाखान्यांत एक तक्रार हमखास येऊ लागते : ‘घशात काटा अडकलाय.’ रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्यावर घरचे उपचार होऊन गेलेले असतात. दोन केळी झालेली असतात, कोरड्या भाताचे गोळे न चावता गिळून झालेले असतात, भाकरीचा तुकडा झालेला असतो. लहान मुलाने नाणे, मणी किंवा पिन गिळली असेल तर घरातील कोणीतरी आधी औषधाच्या दुकानात जाते आणि एरंडेल मागते. हेतू चांगला असतो. परंतु या सर्व उपायांमागे एकच समजूत आहे, ती अशी की आत गेलेली वस्तू कशीही करून खाली ढकलली म्हणजे काम झाले. ही समजूत काही वस्तूंच्या बाबतीत निरुपद्रवी, काहींच्या बाबतीत घातक आणि एका विशिष्ट वस्तूच्या बाबतीत प्राणघातक ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाचा विचार वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांच्या दृष्टीने करणार आहोत.

सुश्रुताचार्यांची दृष्टी

शल्याचा विचार सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात २६ व्या व २७ व्या अध्यायात आला आहे. पहिल्यात शरीरात दडलेले शल्य कसे ओळखावे हे सांगितले आहे, दुसऱ्यात ते कसे काढावे हे. हे अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केले आणि बहुतेकांनी बाण व भाले यांच्या काळातील गोष्ट म्हणून मागे टाकले. परंतु २७ व्या अध्यायातील कंठगत शल्याचा भाग आज पुन्हा वाचला तर एक गोष्ट स्पष्ट जाणवते. आचार्यांनी सर्व वस्तूंना एकच उपाय सांगितलेला नाही. लाखेची वस्तू घशात अडकली असेल तर नळीतून तापवलेली शलाका आत घालून वस्तू तिला चिकटवावी, पाण्याने थंड करून मग ओढावी. वस्तू लाखेची नसेल तर शलाकेलाच लाख किंवा मेण लावावे. हाड किंवा तत्सम वस्तू आडवी अडकली असेल तर केसांचा गुंडा दोऱ्याला बांधून पातळ अन्नाबरोबर गिळवावा, वमन करवावे आणि काटा गुंड्यात गुंतला की दोरा ओढून घ्यावा. अन्नाचा घास अडकला असेल तर रुग्ण बेसावध असताना खांद्यावर मुठीने आघात करावा. वाग्भटांनीही अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील २८ व्या अध्यायात हाच विषय घेतला आहे. गणेश कृष्ण गर्दे यांचा सार्थ वाग्भट ज्यांच्या कपाटात आहे त्यांनी तो भाग अवश्य काढून पाहावा.

केसांचा गुंडा आज कोणी वापरावा असे आम्ही सुचवीत नाही. अन्ननलिकादर्शक दुर्बिणीतून आत जाणारे चिमटे आणि जाळ्या तेच काम डोळ्यांसमोर करतात. घ्यायची आहे ती विचाराची पद्धत : वस्तू कोणती, ती कोठे आहे, ती अवबद्ध म्हणजे रुतलेली आहे की अनवबद्ध, आणि तिला आत जाऊन किती वेळ झाला. उपाय यातून ठरतो.

त्याच २६ व्या अध्यायातील एका विधानाबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. सुवर्ण, रजत, ताम्र इत्यादी धातूंची शल्ये शरीरात दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या उष्णतेने विरून जातात. शिंग, दात, केस, हाड, वेळू, लाकूड, दगड व माती यांची विरत नाहीत, असे तेथे म्हटले आहे. हे विधान धातूंमध्ये रुतून राहिलेल्या शल्यासंबंधी आहे. त्याचा आधार घेऊन ‘अंगठी गिळली तरी पोटात विरघळेल’ असे रुग्णाला सांगणे योग्य नव्हे. आजची नाणी तर मुख्यतः पोलादाची आहेत. ती विरत नाहीत, बाहेर पडतात. उलट न विरणाऱ्यांच्या यादीतील केस हा शब्द आजही तंतोतंत खरा आहे. स्वतःचे केस खाण्याची सवय असलेल्या मुलींच्या जठरात केसांचा घट्ट गोळा तयार होतो आणि तो शस्त्रकर्मानेच काढावा लागतो.

मार्गातील अरुंद जागा

गिळलेल्या वस्तूंपैकी सुमारे ८० ते ९० टक्के वस्तू काहीही न करता गुदमार्गे बाहेर पडतात, १० ते २० टक्के दुर्बिणीने काढाव्या लागतात आणि शस्त्रकर्माची वेळ १ टक्क्याहूनही कमी रुग्णांवर येते, असे जगभरच्या वैद्यकात सामान्यतः मानले जाते. हा आकडा दिलासा देणारा आहे. परंतु आपल्यासमोर बसलेला रुग्ण कोणत्या गटातील आहे हे तो सांगत नाही. त्यासाठी मार्ग माहीत हवा.

सर्वांत अरुंद जागा अगदी वरची, घसा संपून अन्ननलिका सुरू होते तेथील स्नायूचे कडे. मुलांनी गिळलेली नाणी बहुधा येथेच थांबतात. त्याखाली महारोहिणीची कमान अन्ननलिकेला जेथे टेकते ती दुसरी जागा आणि अन्ननलिका उरःपटलातून खाली उतरते ती पुढची. अन्ननलिकेची भिंत पातळ, बाहेरील बळकट आवरण नाही, आणि शेजारी श्वासनलिका व महारोहिणी. त्यामुळे येथे अडकलेली वस्तू जठरातील वस्तूपेक्षा कितीतरी अधिक भयावह असते. जठरात पोहोचलेल्या वस्तूला पुढे जठराचे निर्गमद्वार ओलांडावे लागते. प्रौढांमध्ये साधारणपणे २.५ सें.मी.हून अधिक व्यासाची वस्तू तेथून जात नाही आणि ५ ते ६ सें.मी.हून लांब वस्तू ग्रहणीच्या वळणात अडते. लहान मुलांमध्ये ही मापे आणखी कमी धरावीत. तेथून पुढे लघ्वंत्राचा प्रवास बहुधा सुखाचा होतो. लघ्वंत्र व बृहदंत्र यांच्या संधीवर, उंडुकापाशी, पुन्हा एक अरुंद जागा आहे आणि टोकदार वस्तूने छिद्र पडण्याच्या घटना या परिसरात विशेष घडतात. बोथट वस्तू साधारण ४ ते ६ दिवसांत बाहेर पडते. क्वचित ४ आठवडेही लागतात.

टोकदार वस्तू आतड्यातून इजा न करता कशी जाते, याचे कुतूहल अनेकांना असते. टोक टोचताच आतड्याची भिंत त्या जागी मागे सरते, पोकळी रुंदावते, आणि वस्तू हळूहळू अशी वळते की बोथट बाजू पुढे व टोक मागे राहते. भोवती अन्नाचा व मलाचा लगदा असतो, तो गादीसारखा उपयोगी पडतो. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक शेव्हॅलियर जॅक्सन यांनी रुग्णांच्या घशातून, श्वासमार्गातून व अन्नमार्गातून काढलेल्या २,३७४ वस्तू जपून ठेवल्या. त्या तेथील म्युटर संग्रहालयात आहेत. पुढे असलेले टोक भेदते, मागे असलेले टोक भेदत नाही, हे निरीक्षण त्यांच्याच नावाने सांगितले जाते.

विरेचन का नको

हा लगदा आणि ही संथ गती हेच रुग्णाचे रक्षण करीत असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एरंडेल का देऊ नये हे वेगळे सांगावे लागत नाही. तीव्र विरेचनाने मल द्रव होतो, गादी नाहीशी होते आणि गती वाढते. वस्तूला वळायला अवसर मिळत नाही. शिवाय पोटात कळा येऊ लागल्या की त्या औषधाच्या की छिद्राच्या हे ओळखणे अवघड होते. सुश्रुताचार्यांनी शल्य निघण्याचे जे १५ हेतू सांगितले त्यांत वमन व विरेचन आहेत, हे खरे. परंतु पहिला हेतू स्वभाव आहे. वमनाचा तर विचारही करू नये. खाली गेलेली वस्तू पुन्हा अरुंद मार्गातून वर येते आणि श्वासमार्गात शिरण्याचा धोका उत्पन्न होतो.

हे आम्ही इतरांना शिकवण्यासाठी लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चार वर्षांच्या मुलाला उघडी सेफ्टी पिन गिळली म्हणून आमच्याकडे आणले होते, आणि एक्स-रे न काढता आम्ही स्वतः एरंडस्नेह दिला होता. तिसऱ्या दिवशी पिन पडली. आई पेढे घेऊन आली. ते यश आमच्या चिकित्सेचे नव्हते, हे समजायला पुढे बराच काळ गेला. आज तसाच रुग्ण आला तर आम्ही तोंडाने काहीही न देता त्याला त्याच तासाला रुग्णालयात पाठवू, कारण उघडी पिन अन्ननलिकेत किंवा जठरात असताना दुर्बिणीने काढता येते. पुढे गेली की ती संधी संपते. पुढे गेलीच, तर दररोज एक्स-रे काढून तिची जागा पाहतात आणि ३ दिवस ती एकाच जागी राहिली तर शस्त्रकर्माचा विचार करतात.

बोथट व लहान वस्तू जठराच्या पुढे गेल्याचे एक्स-रेने निश्चित झाले की रुग्णाला नेहमीचा आहार द्यावा. मल चाळणीवर पाण्याने धुऊन पाहण्यास सांगावे. वस्तू सापडेपर्यंत आठवड्याने एक एक्स-रे पुरतो. ताप, उलटी, पोट ताठर होणे, काळा किंवा रक्तयुक्त मल यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. चिंचोका, जांभळाची बी, बोराची बी यांसाठी तर एवढेही करावे लागत नाही. श्रीवर्धनकडे घरोघरी दिसणारी सुपारी मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. तिची भीती अन्नमार्गापेक्षा श्वासमार्गाची अधिक. मूल एकाएकी खोकू लागले, आवाज निघेना, ओठ निळसर झाले तर तो या लेखाचा विषय नव्हे : तेथे तत्क्षणी पाठीवर आघात व पोटावर दाब, आणि एक वर्षाखालील अर्भकास पोटाऐवजी छातीवर दाब, हाच मार्ग.

काटा

आता आपल्या नित्याच्या रुग्णाकडे येऊ. जिताड्याचा काटा जाड असतो, तो बहुधा तोंडातच कळतो. करली, पाला, भिंग यांचे काटे बारीक आणि मांसात विखुरलेले असतात. घासाबरोबर ते नकळत आत जातात. ज्यांची पूर्ण कवळी आहे त्यांच्या टाळूला काट्याचा स्पर्शच कळत नाही, म्हणून वृद्धांमध्ये हे अधिक घडते. बहुसंख्य काटे टॉन्सिल, जिभेचे मूळ किंवा त्यामागील खळगा येथे रुततात. रुग्ण बोटाने गळ्याच्या वरच्या भागात एका बाजूची नेमकी जागा दाखवत असेल तर चांगल्या प्रकाशात जीभ दाबून पाहावे. काटा दिसला आणि रुग्ण स्थिर बसत असेल तर चिमट्याने काढावा. दिसला नाही तर आपले बोट किंवा चिमटा अंदाजाने आत फिरवू नये.

केळे व भाताचा गोळा यांनी कधी कधी काटा निघतो, म्हणून तर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकला. निघत नाही तेव्हा तो अधिक खोल रुततो, आणि पोट भरलेले असल्यामुळे भूल देऊन दुर्बीण घालण्यास विलंब होतो. सुश्रुताचार्यांनीही आत ढकलणे हा एक पर्याय सांगितला आहे. परंतु तो शल्य पाहून, पाहणाऱ्याच्या हाताने करण्याचा आहे, स्वयंपाकघरात अंदाजाने करण्याचा नव्हे.

काटा निघून गेल्यावरही ओरखड्यामुळे एक-दोन दिवस टोचल्यासारखे वाटते. येथे आपल्या शास्त्रातील उपाय खरोखर सुखावह आहे : क्षत झालेल्या कंठासाठी मध व तूप चाटण्यास द्यावे, किंवा त्रिफळाचूर्ण मध-साखरेत. मध व तूप सममात्र न घेण्याचा नियम वाचकांना सांगणे नलगे. परंतु दोन दिवसांनंतरही टोचणी तेथेच असेल, गिळताना वेदना वाढत असेल, लाळ गिळवत नसेल, ताप आला असेल, मान सुजली असेल किंवा छातीतून पाठीकडे कळ जात असेल, तर केवळ एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून रुग्णाला घरी ठेवू नये. सर्वच माशांचे काटे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. सीटी स्कॅन लागतो. अन्ननलिका भेदून काटा महारोहिणीपर्यंत गेल्याची, किंवा जठराची भिंत भेदून यकृतात विद्रधी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेली आहेत. महारोहिणीच्या बाबतीत आधी थोडी रक्ताची उलटी होते, मग काही तास वा दिवस अगदी स्वस्थ जातात, आणि नंतर जो रक्तस्राव होतो तो थांबवता येत नाही. काटा अडकल्याचा इतिहास असलेल्या रुग्णाने रक्त ओकले आणि आता बरे वाटते असे म्हटले, तर तो बरा झाला असे समजू नये.

बटन सेल आणि दोन तास

आता ज्या वस्तूसाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. सीआर २०३२ या नावाचा चपटा गोल सेल आज घरोघरी आहे. नावातील आकडेच त्याचे माप सांगतात : व्यास २० मि.मी., जाडी ३.२ मि.मी. २०११ च्या मालिकेतील ५० पैशांचे नाणे १९ मि.मी. व १ रुपयाचे सुमारे २२ मि.मी. आहे. म्हणजे मुलाने ‘नाणे’ गिळले असे सांगितले जाते तेव्हा ती वस्तू हा सेल असू शकते. गाडीची दूरचावी, वजनकाटा, खेळणी, रिमोट, गणपतीच्या आराशीतील चिमुकले विजेचे दिवे यांत तो असतो. आमच्या औषधविक्रेत्या वाचकांनी ध्यानात घ्यावे की अनेक ग्लुकोमीटरांतही हाच सेल असतो आणि डिजिटल तापमापीत त्याचे धाकटे भावंड.

हा सेल अन्ननलिकेत अडकला की ओलसर श्लेष्मल त्वचेमुळे विद्युत्‌मंडल पूर्ण होते. सेल फुटून रसायन गळते म्हणून इजा होते ही समजूत बरोबर नाही. सेलच्या ऋण टोकापाशी पाण्यापासूनच तीव्र क्षार तयार होत राहतो आणि तो भिंत विरघळवीत खोल जातो. क्षारकर्म करणाऱ्या वैद्यांना याची भीषणता समजावून सांगण्याची गरज नाही. आपण अर्शावर क्षार लावतो तेव्हा क्षण मोजतो आणि लगेच अम्ल द्रव्याने धुतो. येथे क्षार तासन्‌तास, मुलाच्या अन्ननलिकेत, अखंड उत्पन्न होत असतो. २ तासांत गंभीर दाह होऊ शकतो. उपकरण चालत नाही म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढी शक्ती शिल्लक असते. सेल काढल्यावरही इजा काही दिवस पुढे सरकत राहते. श्वासनलिकेला छिद्र पडणे किंवा महारोहिणी फुटणे हे उपद्रव दिवसांनी, आठवड्यांनी येतात.

कठीण भाग असा की बहुतेक वेळा गिळताना कोणी पाहिलेले नसते. मूल लाळ गाळते, जेवत नाही, खोकते, थोडा ताप असतो. आपण प्रतिश्याय समजून सितोपलादी देतो. दोन वर्षांच्या मुलाने एकाएकी घन अन्न नाकारले आणि लाळ गळू लागली, तर घरात असा सेल हरवला आहे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते आणि बाजूने घेतलेल्या चित्रात पायरी दिसते. नाण्याला या खुणा नसतात. संशय असेल तोवर प्रत्येक ‘नाणे’ सेल समजावे.

दोन तास ही मुदत मुंबईत एक अर्थ धरते, आपल्या किनाऱ्यावर दुसरा. मुरुडहून अलिबाग सुमारे ५० कि.मी. आहे. श्रीवर्धनकडून निघालेल्याला राजपुरीची खाडी ओलांडायची तर फेरीबोटीची वेळ पाहावी लागते, न ओलांडता जायचे तर लांबचा वळसा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. म्हणून लहान मुलाची अन्ननलिका दुर्बिणीने पाहण्याची सोय आपल्या गावापासून सर्वांत जवळ कोठे आहे, रात्री आहे काय, हे रुग्ण येण्यापूर्वीच विचारून तो दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. रुग्ण निघताच तेथे कळवावे आणि ‘नाणे’ न म्हणता ‘बटन सेलचा संशय’ असे शब्द वापरावेत.

आणि वाटेत? येथे आपल्या कपाटातील एक द्रव्य उपयोगी पडते. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी डुकराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत मध व सुक्रालफेट यांनी सेलची इजा लक्षणीय कमी झाल्याचे दाखविले. मध दाट असल्याने सेलवर लेप बसतो आणि सौम्य अम्ल असल्याने क्षार शमतो. क्षारदग्धावर अम्ल, हे सुश्रुतसंहितेच्या ११ व्या अध्यायातील तत्त्व येथे भेटते. यावरून लिंबू किंवा कांजी पाजावी असा अर्थ मात्र कोणी काढू नये. सध्याची मान्य पद्धत अशी : मूल १ वर्षाहून मोठे असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर १० मि.लि. म्हणजे २ चहाचे चमचे मध दर १० मिनिटांनी, जास्तीत जास्त ६ वेळा, रुग्णालयाकडे जाता जाता द्यावा. मधासाठी निघणे लांबवू नये. १ वर्षाखालील अर्भकास मध देऊ नये. १२ तास उलटले असतील तर छिद्राचा संभव असल्याने तोंडाने काहीही देऊ नये. मध सेल काढीत नाही. तो फक्त थोडा वेळ मिळवून देतो. सेल जठरात उतरला असेल तर धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. पुढील निर्णय रुग्णालयाचा.

चुंबकाबद्दल थोडक्यात. अयस्कांत हा सुश्रुताचार्यांच्या १५ हेतूंतील एक. लोहशल्य ओढून काढण्याचे साधन. आज खेळण्यांतील शक्तिमान चुंबकांचे मणी हेच शल्य झाले आहेत. एक मणी बहुधा निघून जातो. दोन मणी, किंवा एक मणी व एक लोखंडी वस्तू वेगवेगळ्या वेळी गिळली गेल्यास, आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ती एकमेकांना खेचतात, मधली भिंत चेपून मरते आणि छिद्र पडते. मूल त्या वेळी हसतखेळत असते. अशा मुलालाही त्याच दिवशी पाठवावे.

औषधाच्या दुकानातून

शेवटी औषधविक्रेत्यांच्या हातातील एक गोष्ट. रुग्णाला दोनच गोळ्या हव्या असतात, म्हणून पट्टी कात्रीने कापून एकेक चौकोन दिला जातो. मंद दृष्टीचा वृद्ध माणूस, विशेषतः वीज गेलेल्या संध्याकाळी, तो चौकोन गोळीसकट गिळतो. त्याचे चारही कोपरे धारदार असतात. अन्ननलिकेत तो रुततो, आणि खाली गेलाच तर लघ्वंत्राला छिद्र पाडू शकतो. प्लॅस्टिक व पातळ पत्रा एक्स-रेत नीट दिसत नाहीत, आणि आपण काय गिळले हे रुग्णालाच ठाऊक नसते. त्यामुळे पोटदुखीचे कारण शस्त्रकर्माच्या मेजावर कळते. पट्टी कापणे अगदी टाळता येत नसेल तर एकेक गोळी सुटी न करता दोन-तीन गोळ्यांचा तुकडा एकत्र द्यावा, म्हणजे तो तोंडात मावत नाही. किंवा वृद्धांसाठी गोळ्या काढून पाकिटात घालून, पाकिटावर नाव लिहून द्याव्यात. गुग्गुळाच्या मोठ्या वट्याही झोपताना आडवे होऊन कोरड्या गिळल्या तर अन्ननलिकेत चिकटून राहतात. बसून, पुरेशा कोमट पाण्याबरोबर घेण्यास सांगावे. आणि दुकानात कोणी धापा टाकीत येऊन लहान मुलासाठी एरंडेल मागितले, तर बाटली काढण्यापूर्वी विचारावे : मुलाने काय गिळले, आणि केव्हा?